वाचक विचारतात : हळद की हल्दी?

प्रश्न : गेल्या महिन्यात पुतणीचं लग्न झालं. मेंदी, संगीत, सगळ्यांनी पिवळे कपडे घालून 'हल्दी' आणि वर नवरदेवाचे बूट पळवणं. सासूबाई म्हणाल्या या सिरीयलींनी आपली संस्कृती बुडवली, मुलगी म्हणते आज्जी चिल. खरंच टीव्ही-सिनेमामुळे एवढं बदलतं का हो? (एक वाचक, सिन्नर)

उत्तर : ताई, आधी बुटांचं बघू. ही उत्तरेकडची चाल, १९९४ मध्ये 'हम आपके हैं कौन' आला आणि आपल्या कार्यालयांमधेही करवल्या बूट घेऊन पळायला लागल्या. आपल्याकडे कानपिळी आहेच की, पण त्यात मान आणि पाकीट दोन्ही नवरीच्या भावाला, आणि बुटांचे पैसे मात्र करवल्यांना, मग त्या कशाला सोडतील? मला वाटतं सगळी मेख इथेच आहे. पडद्यावर हजार गोष्टी दिसतात, घरात मात्र तीच टिकते जिच्यात कुणाचं तरी काहीतरी साधतं.

१९७५ चं 'जय संतोषी माँ' आठवतंय का? सासूबाईंना विचारा, त्यांना नक्की आठवेल. ज्या वर्षी 'शोले' आला त्याच वर्षीचा हा कमी बजेटचा सिनेमा, बायका थेटरात चपला काढून बसायच्या, आरती लागली की पडद्यावर फुलं आणि नाणी उधळायच्या. व्रत उत्तरेत आधीही होतं पण सिनेमाने ते गावोगाव नेलं. आणि ते रुजलं का, तर सोळा शुक्रवार, गूळ-फुटाण्यांचा प्रसाद, आंबट खायचं नाही, संपलं. भटजी नको, मोठा खर्च नको, नवऱ्याकडे पैसे मागायला नकोत. आमच्या चाळीत शुक्रवारी कैरीची फोड कुणी हातात धरली तरी आरडाओरडा व्हायचा!

आता हळद. हे मात्र मला स्वतःला टोचतं. आपण 'हळद लागली' म्हणायचो, आता पत्रिकेवरच 'हल्दी' छापतात. घाणा भरताना मुसळाला हात लावून म्हणायची गाणी आमच्या आईला दहा-बारा यायची, मला दोन येतात, लेकीला एकही नाही. नवऱ्याची उष्टी हळद वाजतगाजत नवरीकडे न्यायची, आता दोघं एकाच स्टेजवर असतात, न्यायची कुठे? (डीजेचं खापर मात्र पंजाबवर फोडू नका, रायगड-ठाण्याकडे आगरी-कोळ्यांची हळद आधीपासूनच रात्रभर दणक्यात होते आणि ती गाणी यूट्यूबवरून आता विदर्भातल्या लग्नांतही वाजतात.)

पण एक सांगते. भाच्याच्या लग्नात आमची एक काकू नेहमीसारखी मागच्या खुर्चीत बसली होती, काका जाऊन बरीच वर्षं झाली, हळद लावायची ती सवाष्णींनी हे तिनेच धरलेलं. फोटोग्राफर पोराला यातलं काही माहीतच नाही, त्याला दिसली पिवळी साडी, तो ओरडला, "ओ काकू, पिवळ्या साडीवाल्या सगळ्या वर या!" ती गेली, भाच्याच्या गालाला हळद लावली आणि कुणी काही बोललं नाही. ड्रेस कोडने जे केलं ते आम्हा शिकल्यासवरल्या लोकांना इतक्या वर्षांत जमलं नव्हतं.

आणि सासूबाईंना देवघरातली लक्ष्मीची तसबीर एकदा नीट बघायला सांगा. साडीतली, कमळावर उभी असेल तर ती बहुतेक राजा रविवर्म्याच्या चित्रावरून आलेली. त्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि देवळात ज्यांना पाऊल ठेवू देत नव्हते त्यांच्याही भिंतीवर देव आला. श्रावणात लावतो तो जिवतीचा कागद, तोही छापीलच ना? तो काय वेदांतून आला?

प्रश्न : वटपौर्णिमा असताना सून करवा चौथ धरते म्हणते, काय करावं? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : धरू दे की! १९९५ च्या 'दिलवाले दुल्हनिया'पासून कितीतरी मराठी पोरींना चाळणीतून चंद्र बघायचाय. फक्त हा उपास निर्जळी असतो, साबुदाण्याची खिचडी नाही, चंद्र दिसेपर्यंत चहासुद्धा नाही, हे तिला माहितीये का तेवढं विचारून घ्या.