बोलिव्हियातली पुमा पुंकू ही प्राचीन दगडी वास्तू खरंच १५,००० वर्षांपूर्वीची आहे का? ती नक्की कोणी बांधली?

नाही. हा आकडा आला विसाव्या शतकातले संशोधक आर्थर पोस्नान्स्की यांच्या अंदाजावरून; त्यांनी खरं तर इ.स.पू. १५,००० सांगितलं होतं. त्यांनी सूर्याच्या दिशांवरून गणित मांडलं आणि वास्तूचं वय भलतंच मागे नेलं. वास्तूच्या पायाच्या भरावातल्या सर्वांत खालच्या थरातील सेंद्रिय अवशेषांचं कार्बन डेटिंग मात्र इ.स. ५३६ ते ६०० च्या आसपासचं येतं. बांधणारे तिवानाकू या इंकापूर्व संस्कृतीचेच लोक, टिटिकाका सरोवराजवळचे. इंका तिथे आले तेव्हा हे सगळं ओसाड पडलं होतं.

सर्वांत मोठी शिळा तांबड्या वालुकाश्माची, अंदाजे १३० टनांची. तिची खाण १० किलोमीटरवर. 'एच' आकाराचे ते प्रसिद्ध दगड अँडेसाइट या ज्वालामुखी खडकाचे. या वास्तूबद्दल गूढकथा रंगवणारे व्हिडिओवाले सांगतात तसे डायोराइट या दुसऱ्या खडकाचे नव्हेत!

मला स्वतःला जास्त नवल वाटतं ते सांध्यांचं. शेजारच्या दोन दगडांत मिळून इंग्रजी आय अक्षरासारखी खाच कोरायची आणि वितळलेला धातू थेट तिच्यात ओतायचा. तांबं, आर्सेनिक आणि निकेल यांचा मिश्रधातू. थंड झाला की दगड जखडले.

खरं कोडं वेगळंच आहे: १३० टनांची शिळा १० किलोमीटर ओढली कशी? दोर, माणसं आणि उतार हा अंदाज पटतो, पण लेखी नोंद नाही, कारण त्यांना लिपीच नव्हती. त्यात नंतरच्या लोकांनी दगड उचलून चर्चला वापरले, त्यामुळे मूळ रचनाही विस्कटली.