बंबापासून भातुकलीपर्यंत, सावकाश

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. लग्नानंतर बारा वर्षं झाली, वाकडला राहतो, पण जुनं पुणं मी धड पाहिलेलं नाही. पुढच्या महिन्यात सासूबाई अकोल्याहून येत आहेत. वय अडुसष्ट, गुडघे दुखतात. त्यांना तुळशीबागेत खरेदी करायची आहे आणि ‘पेशव्यांचं काहीतरी’ बघायचं आहे. बरोबर माझी नऊ वर्षांची मुलगी असेल. गाडी नेली तर लावायची कुठे, चालत गेलो तर किती चालायचं? एका दिवसात काय काय होईल?
— एक वाचक, वाकड

उत्तर : एका दिवसात सगळं करायचं, हे आधी मनातून काढून टाका. हे मी अनुभवाने सांगते. माझ्या आईला मी असंच मे महिन्यात फिरवलं होतं. सकाळी शनिवारवाडा, मग केळकर संग्रहालय, मग लक्ष्मी रोड, दुपारी तुळशीबाग. बांगड्यांच्या एका दुकानाच्या पायरीवर ती टेकली आणि म्हणाली, “तू बघून ये, मी इथे आहे.” दुकानदाराने काही न बोलता तिच्याकडे स्टूल सरकवलं. त्या दिवशी तिने पाहिलं ते फक्त ते दुकान. पण तासभर बसून इतकं नीट पाहिलं, की पुढे अनेक वर्षं ती त्याच दुकानाबद्दल बोलत राहिली. तेव्हापासून मी पाहुण्यांना फिरवते तो रस्ता आधी बसायच्या जागांवरून ठरवते. देवळं-वाडे त्या वाटेवर आपोआप येतात.

गाडी घरी ठेवा. मेट्रोने या आणि कसबा पेठ स्टेशनला उतरा. परतताना मंडई स्टेशनवरून बसा. ही दोन्ही स्टेशनं एकामागोमाग एक आहेत, दोन्ही जमिनीखाली आहेत आणि दोन्हीकडे लिफ्ट आहे. दोघांच्या मधली चाल वळसे धरून दोन किलोमीटरच्या आसपास भरेल. तिला चार तास द्या. सोमवार टाळा, तुळशीबागेतली आणि लक्ष्मी रोडवरची बरीच दुकानं त्या दिवशी बंद असतात. शनिवार-रविवारची संध्याकाळ तर नकोच. मधल्या वारी सकाळी नऊला निघा, म्हणजे दुकानं उघडून लावालावी झालेली असते तेव्हा, अकरा-साडेअकराला, तुम्ही तुळशीबागेत पोचाल. स्टेशनातलं स्वच्छतागृह वापरूनच वर या. पेठांत पुढे ती सोय मनासारखी मिळत नाही.

तुम्ही वर याल तो भाग फडके हौदाचा. मुलीला विचारा, हौद कुठे आहे? नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर कात्रजला तलाव बांधून जमिनीखालच्या दगडी नळातून गावात पाणी आणलं. ते हौदाहौदांत पडायचं आणि लोक तिथून भरून न्यायचे. पुण्यात चौकांच्या नावात ‘हौद’ येतो तो असा.

तिथून कसब्यातल्या तांबट आळीत जा. पत्ता विचारलात तर कोणीही सांगेल, आणि जवळ पोचल्यावर विचारावंच लागत नाही, ठोक्यांचा आवाज येतो. हे त्वष्टा कासारांचं घराणेदार काम. ही मंडळी पेशवाईत कोकणातून पुण्यात आली. इथे घाई करू नका. एखाद्या कारखान्याच्या दारात, त्यांच्या कामाच्या आड न येता, पाच मिनिटं उभ्या राहा. कारागीर खाली बसलेला असतो, भांडं आडव्या लोखंडी दांड्यावर अडकवलेलं असतं आणि हातोडी एकाच जागी पडत असते. फिरतं ते भांडं. डाव्या हाताने तो ते केसभर सरकवतो, की पुढचा ठोका मागच्याला चिकटून बसतो. प्रत्येक ठोक्याची नखाएवढी चकाकती टिकली उठते. अशा टिकल्यांच्या ओळी भांड्याच्या गळ्यापासून बुडापर्यंत उतरत जातात. याला माठारकाम म्हणतात. ते नक्षीसाठी केलेलं वाटतं, पण मुळात ते ताकदीसाठी आहे. तांब्याचा पत्रा मऊ असतो, ठोकून ठोकून तो कडक होतो आणि भांड्याला पोचा पडत नाही. मशीनवर दाबून ठसे उठवलेला तांब्या आणि हा तांब्या शेजारी धरून बघा. मशीनचे ठसे सगळे एकसारखे असतात, हाताचे नसतात.

इथे तुमच्या सासूबाई बोलत्या होतील, बघा. हंडा, घंगाळ, आंघोळीचं पाणी तापवायचा बंब हे शब्द त्यांच्या पिढीच्या रोजच्या कामातले. त्यांना बोलू द्या आणि मुलीला ऐकू द्या.

मग कसबा गणपती. हे पुण्याचं ग्रामदैवत, देऊळ जिजाऊंनी बांधवलं असं परंपरा सांगते. शेंदूरचर्चित मूर्ती आहे आणि पुढे लाकडी सभामंडप. हा तुमचा पहिला बसायचा थांबा. दहा-पंधरा मिनिटं खुशाल टेका. सकाळच्या वेळी आजूबाजूच्या घरांतल्या बायका भाजीची पिशवी बाजूला ठेवून अथर्वशीर्ष म्हणत बसलेल्या असतात. हे देऊळ त्यांच्या घराचाच भाग आहे.

लालमहाल वाटेतच आहे. आत्ताची इमारत महापालिकेने अलीकडे उभारलेली आहे, हे मुलीला आधीच सांगा. पण 1663 च्या एप्रिलमध्ये शिवाजी महाराजांनी शाहिस्तेखानावर छापा घातला तो याच जागेवर. तेवढी गोष्ट सांगून पुढे चला.

आता शनिवारवाडा. माझं मत अनेकांना पटत नाही, तरी सांगते : या फेरीत आत जाऊ नका. 1730 मध्ये पहिल्या बाजीरावांनी पायाभरणी केलेला हा वाडा 1828 च्या आगीत जळाला. आत उरली आहेत ती जोती, कारंज्यांच्या जागा आणि भरपूर ऊन. दुखऱ्या गुडघ्यांना तिथलं चढणं-उतरणं नको. बाहेरच्या पटांगणातून दिल्ली दरवाजा बघा. दाराच्या फळ्यांवर अणकुचीदार खिळे आहेत. ते किती उंचीवर आहेत ते मुलीला नीट बघायला सांगा आणि का, ते तिलाच ओळखू द्या. हत्तीने कपाळाने धडक दिली तर ती नेमकी तिथे बसते. इंग्रजांनी निशाण चढवलं ते याच वाड्यावर, नोव्हेंबर 1817 मध्ये. सासूबाईंचं ‘पेशव्यांचं काहीतरी’ इथे अर्धं होतं. उरलेलं अर्धं पुढे आहे, आणि माझ्या मते ते जास्त चांगलं आहे.

शिवाजी रस्त्याने दक्षिणेला निघालात की दगडूशेठ गणपती लागतो. दर्शनाची रांग मोठी असेल तर बाहेरूनच हात जोडा. पण समोर जरूर थांबा. तिथे भिडेवाडा होता. 1 जानेवारी 1848 ला जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती तिथे. जुना वाडा डिसेंबर 2023 मध्ये स्मारकासाठी उतरवला. माझ्या लहानपणी त्या वाड्याच्या तळमजल्यावर दुकानं होती आणि वरच्या मजल्याकडे कोणी मान वर करून बघत नसे. मीही शाळेत जाता-येता कितीदा तिथून गेले असेन, मला कोणी सांगितलं नव्हतं. तुमच्या लेकीला सांगा. ती रोज दप्तर पाठीला लावून निघते, त्याची सुरुवात ज्या जागेवर झाली तिथे ती उभी आहे.

लक्ष्मी रोड ओलांडला की तुळशीबाग. बाजारात शिरायच्या आधी देवळात जा. बहुतेक जण उलटं करतात आणि मग हात पिशव्यांनी भरले की देऊळ राहून जातं. नारो आप्पाजी खिरे हे पेशवाईतले सरसुभेदार. या जागी तुळशीची बाग होती, तिथे त्यांनी 1761 मध्ये राममंदिराचं काम सुरू केलं. पुढे त्यांना लोक तुळशीबागवाले म्हणूनच ओळखू लागले. शिखर सुमारे 140 फूट उंच आहे आणि त्यावर मूर्तीच मूर्ती आहेत. बाहेरच्या गल्लीतून ते दिसतच नाही, चौकात येऊन मान वर केली की एकदम समोर येतं. सभामंडपात बसा. हा दुसरा थांबा, आणि लांबचा. बाहेर दहा पावलांवर केवढा गलका असतो, आणि इथे घंटेचा आवाज विरेपर्यंत ऐकू येतो.

खरेदीचं मी काय सांगणार! पण एक वस्तू मात्र न बघता येऊ नका, ती म्हणजे पितळी भातुकली. चूल, जातं, खलबत्ता, पोळपाट-लाटणं, पाण्याचा पिंप, आणि त्यात बोटभर उंचीचा बंब. त्याला चिमुकली तोटी असते, मधून धुराचा नळ वर आलेला असतो. सकाळी तांबट आळीत आजीने ज्या बंबाची गोष्ट सांगितली, तो नातीच्या तळहातावर येतो. ही फेरी मी कसब्यातून सुरू करून इकडे आणते ती एवढ्यासाठीच. दुकान आणि इतिहास अशा दोन वेगळ्या यादी करून पेठांत फिरू नये असं मला मनापासून वाटतं. जिथे खरेदी चालते तिथेच तो इतिहास राहतो.

सासूबाईंचे पाय साथ देत असतील तर तुळशीबागेतून बाजीराव रस्त्यावर निघून विश्रामबागवाड्याचं तोंड बघून या. दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातला. 1821 मध्ये इंग्रजांनी इथे संस्कृत पाठशाळा सुरू केली. 1879 च्या आगीत पूर्वेकडचा भाग जळाला, तो लोकांनी वर्गणी काढून आणि नगरपालिकेने भर घालून पुन्हा उभा केला. सुरूच्या झाडासारखे कोरलेले लाकडी खांब आणि सज्जा समोरच्या पदपथावरून छान दिसतात. पाय साथ देत नसतील तर सोडून द्या. पोटासाठी तुळशीबागेतच श्रीकृष्ण भुवनची मिसळ आहे. वऱ्हाडच्या माणसाला रस्सा झेपेल याची मला खात्री आहे. गोडाला कावरेंकडे आइस्क्रीम.

शेवट मंडईत. 1886 मध्ये उघडली तेव्हा गव्हर्नरच्या नावाने ती रे मार्केट होती. मधे अष्टकोनी मनोरा आणि त्यापासून आठ दिशांना फुटलेल्या पाकळ्या. आत शिरून मनोऱ्याच्या बरोबर खाली उभ्या राहा, म्हणजे आठही पाकळ्या एका जागेवरून दिसतात. गाळ्यांवर विक्रेते उंच बसलेले आणि पायाशी भाजीची उतरती रास. इमारतीवर एवढा पैसा घालण्याला त्या वेळी नगरपालिकेत विरोध करणारे सभासद होते जोतीराव फुले. तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, हे त्यांचं म्हणणं. आणि 1938 मध्ये आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने मंडईला नाव दिलं गेलं ते याच फुल्यांचं. भिडेवाड्याच्या जागेपासून इथवर तुम्ही चालत आलात त्याला फार तर दहा-पंधरा मिनिटं लागली असतील. मुलीला ही दोन्ही ठिकाणं जोडून सांगा. मग कोथिंबिरीची जुडी घ्या आणि स्टेशनात उतरा.

प्रश्न : गौरीचे मुखवटे आणि दागिने घ्यायला तुळशीबागेत कधी जावं? गणपतीच्या आदल्या आठवड्यात गेलो तर पाय ठेवायला जागा नव्हती.
— एक वाचक, सातारा

उत्तर : श्रावण लागला की पहिल्याच पंधरवड्यात, सकाळी. माल आलेला असतो आणि दुकानदाराला मुखवटा हातात घेऊन दाखवायला वेळ असतो. जुन्या मुखवट्यांची जोडी पूर्ण करायची असेल तर जुना बरोबर न्या, फोनमधला फोटो पुरत नाही. चेहऱ्याची ठेवण जुळते, पण उंची चुकते, आणि मग दोघी बहिणी मखरात मागे-पुढे दिसतात.

प्रश्न : आजीचा तांब्याचा बंब माळ्यावर पडून आहे. बुडाला भोक आहे, तोटी गळते. भंगारवाला वजनावर घ्यायला तयार आहे. देऊन टाकावा का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : देऊ नका, कळकळीने सांगते. बूड बदलता येतं, तोटी नवी बसते. वर लिहिलेल्या तांबट आळीत घेऊन जा आणि दुरुस्ती होईल का ते विचारा. आमच्या घरचा असाच एक बंब मी उशिरा का होईना दुरुस्त करून आणला. आता दिवाळीच्या चार दिवशी अंगणात पेटतो. त्या पाण्याला धुराचा जो वास असतो, तो आला की माझा भाऊ, पन्नाशी उलटलेला, न हाक मारता आंघोळीला उठतो.

नेताना राख पडायची खालची जाळी आणि वरचं झाकण वेगळं, कापडात बांधून न्या. बंब सगळे सांभाळतात, जाळी रिक्षात राहते, आणि त्या मापाची जाळी नव्याने करून घ्यायला पुन्हा बंबच घेऊन यावं लागतं.