घरातला माणूस महायुद्धात लढला पण आयुष्यभर त्याबद्दल बोललाच नाही, तर आठवण नेमकी कशाची ठेवायची?

तुम्ही लिहिलंय की पणजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीतून इटलीत लढले, परत आल्यावर त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि आता घरात कुणालाच काही माहिती नाही. माझ्याकडे याच्या उलट दिशेने गेलेला माणूस आहे म्हणून लिहितेय. माझे आजेसासरे, म्हणजे सासूबाईंचे वडील, इटलीतून अमेरिकेत आलेले आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यातून फ्रान्सला गेलेले. मी साताऱ्याची, लग्न होऊन न्यू जर्सीला आले तेव्हा त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे मला जे माहितीये ते सासूबाईंकडून आणि कागदांतून. घरात सगळे त्यांना नोनो (इटालियनमध्ये आजोबा) म्हणायचे, मीपण तेच म्हणते.

नोनो युद्धातल्या दोनच गोष्टी सांगायचे, बोटीवरचं जेवण किती वाईट होतं आणि फ्रान्समध्ये चिखल किती होता. बस. मग काय होतं, माणूस बोलत नाही म्हटल्यावर मागचे लोक आपल्या मनाने भर घालतात. त्यांची डिव्हिजन ७७वी, न्यूयॉर्क शहरातल्या पोरांची, त्यात इटालियन, ज्यू, चिनी सगळे, ४२ भाषा बोलल्या जायच्या असं म्हणतात. याच डिव्हिजनचे पाचशेच्या वर सैनिक ऑक्टोबर १९१८ मध्ये फ्रान्समधल्या आर्गोनच्या जंगलात जर्मनांच्या वेढ्यात अडकले होते, त्यांना 'लॉस्ट बटालियन' म्हणतात, आणि त्यातले जेमतेम १९४ जण आपल्या पायांनी बाहेर आले. साहजिकच आमच्या घरात सगळ्या नातवंडांना पक्कं ठाऊक होतं की नोनो त्यात होते.

ते त्यात नव्हते. तेव्हा ते हॉस्पिटलात होते, आणि मला विचाराल तर ती गोष्ट जास्त महत्त्वाची आहे.

पण आधी त्यांचं ड्राफ्ट कार्ड, म्हणजे सक्तीच्या सैन्यभरतीसाठी नाव नोंदवल्याचं कार्ड, कारण माझ्यासाठी सगळं तिथूनच सुरू होतं. अमेरिका एप्रिल १९१७ मध्ये युद्धात उतरली आणि ५ जून १९१७ ला २१ ते ३० वयाच्या प्रत्येक पुरुषाला नाव नोंदवावं लागलं, नागरिक असो वा नसो. नोनो तेव्हा २३ वर्षांचे, दक्षिण इटलीतल्या बाझिलिकाता भागातून पाच वर्षांपूर्वी आलेले, न्यूयॉर्कच्या सबवेच्या खोदकामावर मजूर. कार्डावर नववा प्रश्न, तुमच्यावर पूर्णपणे अवलंबून असलेलं कोणी आहे का, उत्तर: आई, इटलीत. नागरिकत्वाच्या पुढे: परदेशी. म्हणजे सूट मागायला एक सोडून दोन कारणं हातात होती, कारण ज्याने नागरिकत्वासाठी पहिला अर्जसुद्धा केलेला नाही त्याला जबरदस्तीने भरती करता येत नव्हतं. बाराव्या प्रश्नात विचारलंय, सूट हवी आहे का? पुढे कारकुनाच्या अक्षरात 'नाही'. आणि खाली सहीच्या जागी एक फुली, कारण त्यांना लिहिता येत नव्हतं.

या 'नाही'वर आमच्याकडे अजून वाद चालतो. नवऱ्याचं म्हणणं त्यांना प्रश्नच कळला नसेल, रांग मोठी, कारकुनाने भराभर लिहून टाकलं. सासूबाई मात्र ठाम असायच्या की बाबांनी समजून उमजून सांगितलं, कारण इटली १९१५ मध्ये युद्धात उतरली तेव्हा परदेशी गेलेल्या पोरांना परत बोलावलं होतं, जगभरातून तीन लाखांच्या आसपास गेलेपण, नोनो गेले नव्हते आणि ते त्यांना खात होतं. मला सासूबाईंचं पटतं. पण मी ते पुरावा म्हणून सांगत नाही, त्यांच्या लेकीचं मत म्हणून सांगते, आणि तुम्हीपण लिहून ठेवाल तेव्हा कागदावर काय आहे आणि घरातलं कोण काय म्हणतं हे वेगवेगळं लिहा, पुढच्या पिढीला त्याचा फार उपयोग होतो.

आता हॉस्पिटल. ७७वी डिव्हिजन लाँग आयलंडवरच्या कँप अप्टनमध्ये तयार झाली आणि १९१८ च्या वसंतात फ्रान्सला गेली. ऑगस्टमध्ये ते व्हेल नावाच्या छोट्या नदीच्या काठी होते, दरीत अमेरिकन आणि वर जर्मन, आणि तिथे मस्टर्ड गॅस या विषारी वायूचा नुसता मारा झाला. तो गॅस जड असतो, खोलगट जागेत साचून राहतो, आणि फुफ्फुसाला जे करतो ते नंतर नीट भरून येत नाही. न्यूयॉर्क राज्याने आपल्या प्रत्येक सैनिकाचं एक-एक कार्ड करून ठेवलंय, त्यात नोनोंची पलटण, बोटीत चढल्याची तारीख, ऑगस्टमधली गॅसची नोंद, सगळं एका पानावर आहे. आणि त्याच कार्डावर एक छापील ओळ आहे, व्यवसाय लक्षात घेता सैन्यातून सुटताना सैनिक इतके टक्के अपंग होता, आणि मोकळ्या जागेत टाइप केलंय शून्य.

सासूबाईंना हे कार्ड दाखवलं तेव्हा त्या कितीतरी वेळ त्या शून्याकडेच बघत राहिल्या. मग म्हणाल्या, अगं, बाबा कधी आडवे झोपलेच नाहीत. पाठीला तीन उशा, थंडीत तर खुर्चीतच. लहानपणी त्यांना वाटायचं की सगळ्यांचे वडील तसेच झोपतात. खोकला आला की ते उठून जिन्यात जाऊन बसायचे, पोरांची झोप मोडू नये म्हणून. ही माहिती जगातल्या कुठल्याही कार्यालयात मिळाली नसती, आणि कार्ड दाखवलं नसतं तर सासूबाईंनाही ती सांगण्यासारखी वाटली नसती, कारण त्यांच्या लेखी ते युद्ध नव्हतंच, ते फक्त बाबांचं झोपणं होतं.

आणि अजून एक गोष्ट, जी मला लॉस्ट बटालियनपेक्षा मोठी वाटते. नोनो लढले तेव्हा अमेरिकेचे नागरिक नव्हते. मे १९१८ च्या कायद्याने सैन्यातल्या परदेशी माणसांना पाच वर्षं देशात राहण्याची अट न लावता नागरिकत्व द्यायला सुरुवात झाली होती, लाखो लोकांना ते मिळालं, नोनोंना परत आल्यावर १९१९ मध्ये. त्या अर्जावर फुली नाहीये, वाकडीतिकडी का होईना पूर्ण नावाची सही आहे. १९२१ मध्ये त्यांनी इटलीहून नुकत्याच आलेल्या मुलीशी लग्न केलं, आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे नागरिकाशी लग्न झालं की बायको आपोआप नागरिक व्हायची (हा नियम सप्टेंबर १९२२ मध्ये बदलला, म्हणजे थोडक्यात जमलं). पुढे डिसेंबर १९४१ मध्ये इटलीशी युद्ध सुरू झालं आणि अमेरिकेत राहणारे सहा लाख इटालियन, ज्यांनी नागरिकत्व घेतलं नव्हतं, एका रात्रीत 'शत्रू देशाचे' ठरले. बोटांचे ठसे, फोटोचं ओळखपत्र, घरातला शॉर्टवेव्ह रेडिओ नि कॅमेरा जमा. ऑक्टोबर १९४२ पर्यंत हे चाललं. शेजारच्या मावशी, जिचा मुलगा अमेरिकन सैन्यात होता, तिला पोस्टात जाऊन ठसे द्यावे लागले. सासूबाईंच्या आईला नाही. त्या वेळी सासूबाई १४ वर्षांच्या, आणि त्यांना आठवतं की वडिलांनी तो १९१९ चा कागद कपाटातून काढून स्वयंपाकघरात फ्रेम करून लावला, काही न बोलता.

तर तुमच्यासाठी. कागद नाहीत म्हणून थांबू नका. आमच्याकडेही मुख्य फाइल नाहीच, १२ जुलै १९७३ ला अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या सैनिकी रेकॉर्ड ऑफिसला आग लागली त्यात १९१२ ते १९६० दरम्यान सैन्यातून सुटलेल्यांच्या जवळजवळ ८० टक्के फाइली गेल्या. जे मिळालं ते सगळं आडवाटेने, राज्याचं कार्ड, कोर्टातला अर्ज, जनगणना, थडग्यावरची पाटी. तुमच्याकडे बेळगावचं रेजिमेंटल सेंटर आहे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, पणजीला पेन्शन मिळत असेल तर तिचे कागद आहेत, त्यावर नंबर असतो आणि नंबर मिळाला की बरंच पुढे जाता येतं. नाव वेगवेगळ्या स्पेलिंगने शोधा, नोनोंचं आडनाव प्रत्येक कागदावर वेगळं आहे.

पण हे सगळं करायच्या आधी, घरात त्यांच्यासोबत राहिलेलं कुणी हयात असेल, एखादी आत्या, चुलत आजी, तर तिच्याकडे जा आणि युद्धाबद्दल विचारू नका. ते कसे झोपायचे, काय खायचे नाहीत, कशाने दचकायचे, कुठल्या दिवशी घरात गप्प बसायचे, हे विचारा. आणि जाताना एखादा कागद किंवा फोटो हातात असू द्या, फोनवर नको, मोठा प्रिंट काढून न्या, म्हाताऱ्या माणसांना तो हातात धरून बघता आला की बोलायला सुचतं.