लॅपटॉप परत दिला, व्हॉट्सॲप उघडंच राहिलं

प्रश्न: मी चाकणच्या एका कंपनीत सेल्स को-ऑर्डिनेटर होते. राजीनामा दिला, नोटीस पिरियड पूर्ण केला आणि 4 तारखेला लॅपटॉप जमा केला. त्यावर माझं व्हॉट्सॲप वेब चालू राहिलं होतं. 19 तारखेला एचआरने बोलावून माझ्या मैत्रिणींशी आणि नवऱ्याशी झालेल्या गप्पांच्या प्रिंट समोर ठेवल्या. "कंपनीचा लॅपटॉप, कंपनीचा डेटा," असं त्यांचं म्हणणं. वर्षभर स्पर्धक कंपनीत जाणार नाही असं लिहून द्या, नाहीतर पोलिसांत जाऊ म्हणतात. शेवटचा पगारही अडवलाय. नोकरीत असताना एक कोटेशनची फाइल मी घरी काम करायला स्वतःच्या जीमेलवर पाठवली होती. प्रिंट आणि सही केलेलं पॉलिसीचं पान सोबत जोडलंय. मी काय करू?

उत्तर: ताई, आधी एक काम करा, बाकीचं मग वाचा. फोनवर व्हॉट्सॲपच्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये जा. कंपनीचा लॅपटॉप अजून तिथे असेल तर 'लास्ट ॲक्टिव्ह'ची वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या आणि मगच लॉगआउट करा. जीमेलचंही तसंच. घाईने आधी लॉगआउट केलंत तर आपला पुरावा आपल्याच हाताने जाईल. आणि एकही चॅट डिलीट करू नका, साहेबांना शिव्या घातलेलंसुद्धा.

आता एचआरचं वाक्य. ते अर्धं खरं आहे. कंपनी 'उपकरणाच्या वापरावर' देखरेख ठेवू शकते असं पॉलिसीत लिहिलंय आणि खाली तुमची सही आहे. नोकरीत असताना तुम्ही त्या लॅपटॉपवर काय करत होतात याची नोंद ठेवली, एवढ्यावर भांडून फारसं हाती लागणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरला खरा, पण तो मुख्यतः सरकारसमोर मागायचा. 2023च्या कौशल किशोर निकालात घटनापीठाच्या बहुमताने खासगी पक्षांविरुद्धही दार किलकिलं केलं. तरी ज्याचा पगार अडलाय त्याने त्या दारात ताटकळू नये, असं माझं मत. नव्या डेटा संरक्षण कायद्याचीही फार आशा धरू नका. कायदा 2023चा, नियम आले नोव्हेंबर 2025मध्ये आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायच्या 2027च्या मे महिन्यात. शिवाय त्याच्या कलम 7मध्ये नोकरीच्या कामासाठी किंवा स्वतःचं नुकसान टाळण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती संमतीशिवाय वापरायची मुभा मालकाला दिलेली आहे.

तुमची बळकट बाजू आहे प्रिंटवरच्या तारखांमध्ये. लॅपटॉप 4 तारखेला जमा झाला. प्रिंटमध्ये मात्र 6, 11 आणि 16 तारखेचे मेसेज आहेत. ते तुम्ही घरून, स्वतःच्या फोनवरून लिहिलेत. म्हणजे तुमच्या वापरावरची ही देखरेख नव्हेच. तुम्ही गेल्यावर कोणीतरी तुमचं उघडं राहिलेलं खातं बघत बसलं होतं, नवे मेसेज येतील तसे वाचत होतं. पॉलिसीवरची तुमची सही इतक्या लांब पोचत नाही. परवानगीविना संगणकात शिरून माहिती उतरवून घेतली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43खाली भरपाई मागता येते. तेच अप्रामाणिक हेतूने केलं असेल तर कलम 66खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कंपनी म्हणेल, आम्ही आमचाच लॅपटॉप उघडला. या म्हणण्यात दम आहे, कारण कलमात परवानगी मालकाची सांगितलीय आणि लॅपटॉपचे मालक तेच. आपलं उत्तर: लॅपटॉप कंपनीचा, खातं कंपनीचं नाही, आणि नवे मेसेज आले ते खात्यातून. कोर्ट हे मान्य करेलच अशी हमी कोणी वकील देत असेल तर त्याची फी आधी विचारा.

चोरून मिळवलेला पुरावा कोर्ट फेकून देतं, अशी समजूत आपल्याकडे आहे. तसं नाही. मुंबईच्या कॉरोनरचं, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचं, लाचेचं प्रकरण होतं. त्यात टेप केलेलं फोनवरचं बोलणं सर्वोच्च न्यायालयाने 1972मध्ये, मलकानी खटल्यात, पुरावा म्हणून चालवून घेतलं. त्यामुळे या प्रिंटही पुढे येऊ शकतात. मात्र त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63चं प्रमाणपत्र लागेल. कोणत्या उपकरणातून आणि कशा रीतीने ही प्रिंट काढली, हे त्यात सहीनिशी सांगावं लागतं. 16 तारखेच्या मेसेजबद्दल ते काय लिहितात, हे वाचायला मला आवडेल.

ते वर्षभराचं हमीपत्र? सही करू नका. नोकरी संपल्यानंतरची अशी बंदी करार कायद्याच्या कलम 27नुसार रद्दबातल असते. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानला त्याच्या एजन्सीने अशाच अटीत अडकवू पाहिलं, तेव्हा 2006मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच कलम पुढे केलं होतं. पगाराचं तर आणखी सोपं. वेतन संहितेच्या कलम 17नुसार राजीनामा दिलेल्याचं वेतन कामाच्या दोन दिवसांत द्यायला हवं. हमीपत्राच्या बदल्यात पगार, असा सौदा त्यात बसत नाही.

अवघड जागा म्हणजे ती कोटेशनची फाइल. कंपनी बोट ठेवेल ते तिथेच, आणि गोपनीयतेचं बंधन नोकरीनंतरही टिकतं. घरून काम करायला सांगितल्याचा साहेबांचा मेसेज किंवा मेल असेल तर शोधून ठेवा. फाइल कोणाला पुढे पाठवू नका, नव्या ऑफिसात उघडू नका. लेखी उत्तरात ती आपणहून कबूल करा आणि कंपनी सांगेल त्या रीतीने पुसून द्यायची तयारी दाखवा.

एचआरच्या बैठकीला आता जाऊ नका. तुम्ही त्यांच्या कर्मचारी राहिलेल्या नाही, बोलणं कागदावर होऊ द्या. स्पीड पोस्टने आणि मेलने उत्तर पाठवा: 4 तारखेची पोचपावती, नंतरच्या तारखांच्या प्रिंट, लॅपटॉप कोणी उघडला हा प्रश्न, पगाराची मागणी, पंधरा दिवसांची मुदत. मुदत टळली तर पगारासाठी कामगार आयुक्त कार्यालय. कलम 43च्या भरपाईसाठी न्यायनिर्णय अधिकारी असतात, म्हणजे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाचे सचिव. पाच कोटींपर्यंतचे दावे त्यांच्यापुढे चालतात. पोलिसांत जायचा विचार कंपनीचं लेखी उत्तर हातात आल्यावर करू. ते आलं की मला दाखवा.