आधी कोणता रस्ता मोकळा करायचा?

प्रश्न : फेब्रुवारीत आमच्या गावात पंधरा मिनिटं बोराएवढी गार पडली. संत्र्याचा आंबिया बहार गळाला, चना झोपला, टिनं उडाली. बाभळी आडव्या पडून फाट्याचा रस्ता दोन दिवस बंद होता, लाइन तर चार दिवस नव्हती. माझा भाचा अमेरिकेत मिनियापोलिसला असतो. तो म्हणतो, "मावशी, इकडे गुडघाभर बर्फ पडला तरी दुसऱ्या दिवशी मोठे रस्ते मोकळे." त्यांना हे जमतं कसं? आपल्याला त्यातलं काही घेता येईल का?
— एक वाचक, ता. वरुड, जि. अमरावती

उत्तर : ताई, मी ग्रामसेवक म्हणून निवृत्त झालो आणि २०१८-१९चा हिवाळा मुलीकडे मिनियापोलिसलाच काढला. त्या एका फेब्रुवारीत तिथे ३९ इंच बर्फ पडला. तुमचा भाचा खरं सांगतो. तिथे मशिनी आहेत, पैसाही आहे. पण खरी मेख क्रमात आहे.

बर्फाची आणीबाणी जाहीर झाली की पहिल्या रात्री ९ पासून सकाळी ८ पर्यंत ठरलेले मुख्य रस्ते साफ होतात. तिथे कोणी गाडी उभी करायची नाही. दुसऱ्या दिवशी गल्ल्यांमधली सम नंबरांच्या घरांकडची बाजू, तिसऱ्या दिवशी विषम. गाडी हलवली नाही तर उचलून नेतात. हा क्रम ऐनवेळी कोणी ठरवत बसत नाही.

सगळं नगरपालिकाच करते असंही नाही. बर्फ थांबल्यापासून २४ तासांत घरासमोरची पायवाट घरमालकानं साफ करायची. जावयाबरोबर मीही फावडं घेऊन उतरायचो. ताजा बर्फ पिंजलेल्या कापसासारखा हलका असतो. पण रस्त्यावरून बर्फ लोटणारी गाडी गेली की घराच्या तोंडाशी बांध घालून जाते, तो ओल्या मुरुमासारखा जड. तोही आपणच उपसायचा. शेजारी एक आजी एकट्या राहायच्या. जावई आधी त्यांची पायवाट करायचा, मग आपली.

तिथे मला २०१४ची गारपीट आठवायची. मी होतो त्या गावात तीन ट्रॅक्टर होते आणि तिन्ही आपापल्या मालकाच्या बागेकडच्या पांदणीवर झाडं ओढत होते. दवाखान्याचा रस्ता कोणाच्याच वाट्याला आला नाही. दम लागलेल्या एका बाबांना चौघांनी बाजेवर घालून, पडलेल्या निंबाच्या फांद्यांतून नेलं. बाजेचा पाय फांदीत अडकला. तो सुटेपर्यंत बाबा तोंड उघडून आभाळाकडे पाहत होते. ते वाचले. ट्रॅक्टरवाल्यांना मी दोष देत नाही. ज्याची बाग गेली तो बागेकडेच धावणार. आधी काय करायचं हे ठरवून ठेवणं माझं काम होतं, ते मी केलं नव्हतं.

तुम्ही करा. १ मेच्या ग्रामसभेत ठराव घ्या : आधी दवाखान्याचा रस्ता, मग पाण्याच्या विहिरीची आणि विजेच्या डीपीची वाट, मग शाळा, शेवटी पांदणी. कोणत्या ट्रॅक्टरकडे कोणता तुकडा, साखळी कोणाकडे, डिझेलचे पैसे कुठून, हे नावानिशी लिहा. गरोदर बाया कोण, एकटे राहणारे म्हातारे कोण, हे आशाताईंना ठाऊक असतं. त्या प्रत्येक नावापुढे एक घर लिहा. वादळ थांबलं की त्या घरच्यानं आधी तिकडे जाऊन यायचं.

तुटलेल्या तारेला, गावात लाइन नसली तरी, वायरमन सांगेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. ही गोष्ट पोरांना चार-चार वेळा सांगा.

आणि पडझड उचलायच्या आधी घराचे, झाडांचे, वावराचे फोटो काढा. सरकारी मदतीला पिकाचं किमान ३३ टक्के नुकसान पंचनाम्यात यावं लागतं, आणि तलाठी पोचेपर्यंत गार विरघळून गेलेली असते.

ठरावाची ही यादी दप्तरात ठेवू नका. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, पाऊस लागणार नाही अशा आडोशाला, ऑइलपेंटनं रंगवून घ्या. नावं बदलली की पुन्हा रंगवा.