शून्य पत्त्यावरचा झिजलेला बाइट

प्रश्न : आर्डुइनो उनोवर (हौशी लोकांचा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) पंप एकूण किती सेकंद चालला हे मोजणारा मीटर केला आहे. पंप रोज तीनेक तास चालतो. चालू असताना दर सेकंदाला चार बाइटांचा आकडा ‘पुट’ या आज्ञेने ईईप्रॉमच्या (वीज गेली तरी टिकणारी मेमरी) ० पत्त्यापासून लिहितो. चार महिने सुरळीत होतं. आता वीज जाऊन आली की आकडा कधी शंभर सेकंद मागे, कधी चाळीस पुढे. त्याऐवजी ईएसपी३२ हा बोर्ड घेऊ का? त्यात मेमरी भरपूर आहे.

उत्तर : बोर्ड टाकू नका, त्यातला एकच बाइट म्हातारा झालाय. चूक कधीच २५५ च्या वर जात नाही ना? एका बाइटात ० ते २५५ एवढंच मावतं, म्हणजे बिघडलाय तो सर्वांत खालचा, एकक मोजणारा बाइट. ‘पुट’ बदललेलेच बाइट लिहितं. खालचा दर सेकंदाला बदलतो, त्याच्या वरचा २५६ सेकंदांनी एकदा. बाकीचे दोघे तर जवळजवळ झोपूनच असतात.

ईईप्रॉमचा कप्पा म्हणजे इन्सुलेशनमध्ये कोंडलेले इलेक्ट्रॉन. वाचताना झीज होत नाही, पण प्रत्येक लेखनाच्या वेळी ते इन्सुलेशनमधून आत-बाहेर ढकलावे लागतात आणि इन्सुलेशन थोडं थोडं बिघडतं. उनोवरच्या चिपसाठी उत्पादक १,००,००० लेखनांची हमी देतो. तुमचा पंप दिवसाला १०,८०० सेकंद चालतो, म्हणजे हमी दहाव्या दिवशीच संपली. पुढचे साडेतीन महिने त्या बाइटाने फुकट चाकरी केली!

ईएसपी३२ने हे सुटत नाही. त्यात वेगळं ईईप्रॉम नाहीच, त्या नावाची लायब्ररी (तयार कोड) फ्लॅश मेमरीवरच लिहिते आणि तीही लेखनाने झिजते. ‘प्रेफरन्सेस’ लायब्ररी जागा बदलत लिहिते म्हणून झीज वाटली जाते, तरी दर सेकंदाला लिहिण्याची सवय तिथेही वाईटच.

त्यापेक्षा आकडा रॅममध्ये (वीज गेली की पुसली जाणारी, पण लिहून न झिजणारी मेमरी) वाढवत राहा. पंप चालू असताना पाच मिनिटांनी एकदा आणि पंप थांबला की एकदा लिहा. दिवसाला चाळीसेक लेखनं धरली तरी हमीतच सहा-सात वर्षं निघतात. वीज मध्येच गेली तर पाच मिनिटांचा हिशेब बुडेल, बुडू दे. पत्ते आळीपाळीने वापरण्याची युक्तीही आहे, पण तुमच्या कामाला तो खटाटोप नको.

फक्त पत्ता ४ वर बिऱ्हाड हलवा (० ते ३ जुन्या आकड्याचे) आणि आधी आजवरचा आकडा तिथे हाताने लिहा. कोऱ्या बाइटात ० नसतो, २५५ असतो. मी हे विसरलो होतो. नवा मीटर सुरू करताच चारही कोरे बाइट मिळून पडद्यावर ४,२९,४९,६७,२९५ सेकंद, म्हणजे १३६ वर्षं! तासभर तारा तपासत बसलो होतो.