थकवा कामाचा की सहीचा?

"ताई, मी नोकरी सोडू का? तेवढंच सांगा."

पर्स खाली ठेवण्याआधीच त्यांनी विचारलं. राजीनामा मोबाइलमध्ये लिहून तयार होता, सात महिन्यांपासून. रोज रात्री त्या तो उघडायच्या, एखादा शब्द इकडचा तिकडे करायच्या आणि मोबाइल उशाशी ठेवून पडायच्या. झोप मात्र तीनच्या पुढे कधीतरी.

बडोद्यात राजमहाल रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न महिन्यातून तीन-चारदा तरी येतो. कधी बँकेतले गृहस्थ विचारतात, कधी शाळेतल्या बाई, कधी मकरपुऱ्याच्या कारखान्यातला तिशीचा मुलगा. पाठोपाठ दुसरा प्रश्नही असतोच: सोडून करू काय, आणि या वयात मनासारखं काम मिळणार तरी का? म्हणून या एका बाईंची हकिकत जरा सविस्तर सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय 42. एम.एस. युनिव्हर्सिटीतून बी.फार्म., मग एका औषध कंपनीच्या क्वालिटी विभागात 17 वर्षं. दांडिया बाजारातलं जुनं घर, सासूबाई, नवरा, दहावीतला मुलगा. घरात भांडण नाही, पगार चांगला. "मग मला झालंय काय?" हे त्या स्वतःलाच विचारत होत्या. रविवारी दुपारी चार वाजले की पोटात गोळा यायचा. ज्या नव्या मुलांना त्या हौसेनं काम शिकवायच्या, त्यांच्यावर आता खेकसायच्या आणि नंतर वॉशरूममध्ये जाऊन रडायच्या. नवरात्रात मैत्रिणी बोलवायला आल्या, तर डोकं दुखतंय म्हणून दार लावून घेतलं. बडोद्यात वाढलेली बाई गरब्याला नाही म्हणते, तेव्हा मी कान टवकारते.

सल्ले भरपूर मिळाले होते. नवरा म्हणाला, आठ दिवस माउंट अबूला जाऊन येऊ. पुण्याची बहीण म्हणाली, तू केक इतके सुंदर करतेस, बेकरी काढ. सासूबाई काहीच बोलल्या नव्हत्या.

बोलता बोलता त्या म्हणाल्या, "कधी कधी वाटतं, स्कूटरवरून पडावं, पाय मोडावा, म्हणजे दोन महिने कुणी बोलावणार नाही." हे वाक्य मी फार जणांकडून ऐकलं आहे आणि दर वेळी थांबून सरळ विचारते: मरून जावं असंही वाटतं का? त्यांना तसं वाटत नव्हतं. ज्यांना वाटतं, त्यांनी नोकरीचा विचार त्या दिवशी बाजूला ठेवावा आणि आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. रात्री-बेरात्री कुणी जवळ नसेल, तर सरकारची टेली मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आहे.

त्यांनाही मी आधी डॉक्टरांकडेच धाडलं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12. बी-12 बरंच कमी निघालं. नुसत्या मनाच्या गोष्टी करत बसले असते, तर ते तसंच राहिलं असतं. औषधानं अंगातलं त्राण थोडं परतलं. रविवारचा गोळा तसाच राहिला.

या अवस्थेला बर्नआउट म्हणतात. हा शब्द आज वाटेल त्या थकव्याला लावला जातो, पण जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये त्याची व्याख्या नेमकी केली आहे. तिथे तो आजारांत धरलेला नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ आवरता न आल्यानं होणारी अवस्था, असं म्हटलं आहे. खुणा तीन: शक्ती संपल्यासारखी वाटणं, कामापासून मन उठणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी 1974 मध्ये याबद्दल लिहिलं, ते एका मोफत दवाखान्यात जीव ओतून राबणाऱ्यांना पाहून. ते स्वतःही त्यातून गेले होते. मी हे मुद्दाम सांगते, कारण माझ्यासमोर बसलेला माणूस बहुधा स्वतःला आळशी ठरवून आलेला असतो. या बाईही तशाच आल्या होत्या.

आता माझी चूक सांगते. त्या रोज अकरा-बारा तास काम करत होत्या, ऑडिट जवळ आलं की रविवारीही. मला वाटलं, दुखणं कामाच्या ओझ्याचं आहे. मी तीन आठवड्यांची रजा घ्यायला लावली आणि परतल्यावर सातनंतर फोन बंद ठेवायला सांगितलं. रजेत त्या झोपल्या, जेवल्या, मुलाला गणित शिकवलं, चेहऱ्यावर रंग आला. कामावर गेल्या आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन: "ताई, परत तिथंच आले."

तीन आठवड्यांत भरलेलं तीन दिवसांत रितं होत असेल, तर गळती दुसरीकडे आहे. हे मला आधी सुचायला हवं होतं.

मग त्यांना एक छोटी वही घ्यायला सांगितली. दोन आठवडे, छाती भरून आली, जबडा आवळला की तिथल्या तिथे वेळ लिहायची आणि त्या क्षणी हातात कुठलं काम होतं ते. कारण शोधायचं नाही. वही आली ती पाहून आम्ही दोघी गप्प झालो. बारा तासांच्या दिवसांपुढे काही नव्हतं. पाच तासांच्या एका शनिवारपुढे मात्र तीन नोंदी होत्या. तिन्ही ठिकाणी एकच शब्द: सही.

हे जरा उलगडून सांगायला हवं. औषधाच्या कारखान्यात प्रत्येक तपासणीची नोंद काम होत असतानाच करायची असते. कुणी केली, केव्हा केली, खरंच तशीच केली का, हे त्या कागदावरून कळलं पाहिजे. घाईत नोंदी राहून जायच्या. मग त्या दुसऱ्या दिवशी भरून आदल्या दिवशीची तारीख घालायची आणि खाली यांची सही. तपासण्या झालेल्या असायच्या, आकडेही खरे असायचे. खोटी असायची ती फक्त वेळ. "सगळे करतात," साहेब म्हणायचे. आणि सकाळी याच बाई नव्या मुलांना शिकवायच्या: जे त्या वेळी लिहिलं नाही, ते झालंच नाही.

क्रिस्टिना मास्लाक या अमेरिकन संशोधक बाईंनी आयुष्यभर बर्नआउटवर काम केलं. त्यांनी आणि मायकल लीटर यांनी माणूस आणि काम यांचं जिथे बिनसतं अशा सहा जागा सांगितल्या आहेत: कामाचं ओझं, स्वतःच्या कामावरचा ताबा, मिळणारा मोबदला आणि कौतुक, सोबतची माणसं, न्याय आणि मूल्यं. आपल्याकडे पहिलीच तेवढी धरली जाते, कारण तास मोजता येतात. मीही तेच केलं. यांचं बिनसलं होतं सहाव्या जागी, मूल्यांच्या, आणि तिथलं दुखणं रजेनं बरं होत नाही.

"मग सोडते," त्या म्हणाल्या. मी तीन महिने मागून घेतले. तेवढ्यात राजीनामा नाही, बेकरी नाही, नवा कोर्स नाही. दमलेलं मन नवं काम निवडत नाही, फक्त आहे त्याच्या उलट काय ते शोधतं. कारखान्याच्या उलट बेकरी. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी बँक सोडून तडकाफडकी दुकानाची फ्रँचायझी घेतली होती. त्यांना बँकेत खुपायचं ते टार्गेट, आणि फ्रँचायझीतही टार्गेटच होतं, शिवाय डोक्यावर कर्ज.

या तीन महिन्यांत त्यांनी एकच गोष्ट बदलली. राहिलेली नोंद समोर आली की आजची तारीख घालायची, उशीर का झाला ते लिहायचं आणि मग सही करायची. नियमाप्रमाणे योग्य रीत तीच आहे. साहेबांना काय बोलायचं, ते आम्ही खोलीत चार-पाच वेळा म्हणून पाहिलं. पहिल्या वेळी त्यांचा आवाजच फुटेना. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या: "सर, काम मी पूर्ण करते, तारीख मात्र आजचीच घालीन."

याची किंमत पडली, ते लपवत नाही. साहेब बोलेनासे झाले, एका चांगल्या प्रोजेक्टमधून नाव निघालं, त्या वर्षीची पगारवाढ नावापुरतीच झाली. पण दीड महिन्यानं त्यांनी सहज सांगितलं, आता झोप लागते. घराचं सगळं एकट्याच्या पगारावर असेल, तर असा पवित्रा घेण्याआधी मी दहादा विचार करायला सांगेन. यांच्या नवऱ्याची नोकरी होती, घर स्वतःचं होतं.

झोप परतली, तशी कडवट धूळ खाली बसली आणि तिच्याखालून वेगळाच प्रश्न निघाला: "सही खरी झाली, पण मी हे करते कुणासाठी?"

त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, ते सासूबाईंकडून आलं. एकदा त्या सुनेसोबत आल्या आणि बाहेर बसायच्या ऐवजी आतच बसल्या. म्हणाल्या, "आमचे मामंजी मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत होते." सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन हे ग्रंथपाल बोलावले आणि संस्थानभर वाचनालयांचं जाळं विणलं. लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून ती खेड्यापाड्यांत जायची. पुढच्या काळात या मामंजींकडे त्या पेट्यांचं काम होतं. "परत आलेल्या पेटीत बाजरीचा दाणा सापडायचा, कुठल्या पानावर हळदीचं बोट. पानं मळून आली की ते खूश असायचे. कोरी आली की जेवताना बोलायचे नाहीत."

सूनबाई बराच वेळ बोटातली अंगठी फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "आई, मी 17 वर्षांत आमची गोळी घेणारं माणूस पाहिलंच नाही."

सगळ्यांना ते दिसावंच लागतं असं नाही. कारखान्यात पडद्याआड राहून समाधानानं निवृत्त झालेली कितीतरी माणसं मी ओळखते. यांना दिसायला हवं होतं, इतकंच. मग ते करून पाहायचं ठरलं, नोकरी न सोडता. एका धर्मादाय दवाखान्यात दर शनिवारी तीन तास औषधाच्या खिडकीवर. तिथे काम करायला राज्य फार्मसी कौन्सिलची नोंदणी चालू असावी लागते. यांची कधीच संपली होती, ती नव्यानं करून घेतली.

चौथ्या शनिवारी वाडीहून एक आजोबा आले, पिशवीत सगळ्या गोळ्या घेऊन. चक्कर येते, पाय सुजतात अशी तक्रार. यांनी पट्ट्या टेबलावर मांडल्या. ब्लडप्रेशरची एकच गोळी दोन कंपन्यांच्या दोन नावांनी दोन डॉक्टरांकडून लिहून मिळाली होती, आणि आजोबा दोन्ही नेमानं घेत होते. यांनी आतल्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी एक बंद केली. पुढच्या शनिवारी आजोबा नुसतं सांगायला आले की आता चक्कर येत नाही, आणि लिलो चिवडा ठेवून गेले. ती पुडी बाईंनी माझ्या टेबलावर आणून ठेवली होती. सांगताना त्यांचा आवाज पहिल्या दिवशीच्या बाईचा नव्हता.

औषधाचं ज्ञान तेच, बारीक नजरही तीच. 17 वर्षं वाया गेली नव्हती, आणि मला या सगळ्यात ते सर्वांत मोलाचं वाटतं. नवं काम म्हणजे पहिलं सगळं पुसून टाकणं, अशी भीती मनात धरून लोक वर्षानुवर्षं अडकून बसतात.

पुढचं हिशेबाचं. रुग्णालयातल्या फार्मसीत पगार जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी मिळणार होता. नवरा रागावला, त्याचा राग समजण्यासारखा होता; मुलाच्या अकरावी-बारावीचे खर्च तोंडावर होते. तिघांनी बसून वहीत मांडलं: गाडीचा हप्ता केव्हा फिटतो, सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडायला किती लागेल. अकरा महिने, असं उत्तर आलं. ते अकरा महिने त्यांनी जुन्याच कंपनीत काढले, खऱ्या तारखा घालत, शनिवार सांभाळत. राजीनामा दिला तो मोबाइलमधला नव्हता. तो सव्वा पान होता, हा चार ओळींचा.

आता त्यांना रुग्णालयात आठ महिने झाले आहेत. तिथेही एक वरिष्ठ ओरडणारे आहेत, आठवड्यातून एकदा रात्रपाळी असते, आणि दिवसभर उभं राहून टाचा दुखतात. मागच्या भेटीत मी विचारलं, रविवारी चार वाजता काय होतं? त्यांना क्षणभर प्रश्नच कळला नाही. मग म्हणाल्या, "चार वाजता ना, चहा. आणि मग आईंना सुरसागरला फिरायला नेते. टाचांचं काही सांगा ना ताई, त्या फार दुखतात."

मी त्यांना हाडांच्या डॉक्टरांचा नंबर दिला.